कोणाला विचारून? मधू लिमये यांचे युद्धविरोधी राजकारण

१/२६
जालन्याहून राजूरमार्गे भोकरदनकडे जाणाऱ्या रस्त्यावर केदारखेडा हे गाव लागते. पूर्णेच्या खोऱ्यातले गाव. इतिहासाच्या पुस्तकांत त्याचे नाव सहसा येत नाही. मात्र तेथून फार दूर नसलेल्या असईचे नाव जगभरच्या लष्करी इतिहासांत येते. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात आर्थर वेलस्लीच्या कंपनी फौजेने शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या संयुक्त सैन्याचा पराभव केला. हा धागा त्या लढाईविषयी नाही. त्या लढाईने या मुलखात एक प्रश्न मागे ठेवला होता. तोच प्रश्न पुढे आयुष्यभर विचारत राहिलेल्या एका मराठी राजकारण्याविषयी आहे. त्यांचे नाव मधू लिमये.

२/२६
प्रश्न आधी समजून घेऊ. असईत एकट्या कंपनीच्या बाजूचे दीड हजारांहून अधिक सैनिक मेले किंवा जखमी झाले. मराठ्यांची हानी त्याहून कितीतरी मोठी होती. हे युद्ध उद्भवले ते ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी केलेल्या वसईच्या तहातून. तह समुद्रकाठी झाला आणि तोफा पूर्णेच्या खोऱ्यात धडाडल्या. त्याच सुमारास, १८०३-०४ साली, दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. पाऊस हुकला हे त्याचे एक कारण, आणि फौजांनी व पेंढाऱ्यांनी मुलूख लुटला हे दुसरे. ज्यांची उभी पिके घोड्यांखाली गेली, त्यांना या युद्धाविषयी कोणी काही विचारले होते काय?

३/२६
आता १३६ वर्षे पुढे. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी जाहीर केले की, हिंदुस्थान जर्मनीविरुद्ध युद्धात सामील झाला आहे. केंद्रीय विधिमंडळाला विचारले नाही, प्रांतांतल्या निवडून आलेल्या मंत्रिमंडळांना विचारले नाही. केदारखेडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तेथे तर विचारण्यासारखे विधिमंडळच नव्हते. निजामाने मात्र ब्रिटिश वायुदलाला भरघोस देणगी दिली आणि एका लढाऊ तुकडीला ‘हैदराबाद’ हे नाव मिळाले. १५२ क्रमांकाच्या या तुकडीची स्पिटफायर विमाने १९४० साली इंग्लंडच्या आकाशात लढली. ज्यांच्या शेतसाऱ्यावर ते संस्थान उभे होते, त्या मराठवाड्यातल्या कुणब्याला याची वार्ताही नसावी.

४/२६
या घोषणेच्या वेळी मधू लिमये सतरा वर्षांचे होते. जन्म १ मे १९२२, पुणे. १९३७ साली त्यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात प्रवेश घेतला, विषय इतिहास. त्या काळच्या पुण्यात इतिहास हा केवळ परीक्षेचा विषय नव्हता. लोकमान्यांचा वारसा कोणाचा, पेशवाई का बुडाली, सशस्त्र क्रांती की सत्याग्रह, यांवर घराघरांत वाद चालत. मध्यमवर्गीय पुण्यातला बुद्धिमान मुलगा शिकून वकील किंवा प्राध्यापक होईल अशीच अपेक्षा असे. लिमये यांनी शिक्षण अर्ध्यावर सोडले आणि ते चळवळीत उतरले. पुढे त्यांनी जन्मभर वाचन केले, ग्रंथ लिहिले, पण पदवी घेण्यासाठी ते परतले नाहीत.

५/२६
राजकारणाशी त्यांची पहिली गाठ पडली ती त्यांच्या पंधराव्या वाढदिवशी. १ मे १९३७ रोजी पुण्यात कामगार दिनाची मिरवणूक निघाली. सेनापती बापट आणि एस. एम. जोशी तिच्या अग्रभागी होते. मिरवणुकीवर हल्ला झाला, दोघेही नेते जखमी झाले. हे दृश्य त्या मुलाच्या मनात खोल रुतले असावे. कारण त्यानंतर लवकरच तो एस. एम. आणि ना. ग. गोरे यांच्या वर्तुळात आला आणि पुढची कित्येक वर्षे त्यांच्याच सोबत राहिला. मार खाऊनही उलटा हात न उचलणारी माणसे त्याने पुस्तकात वाचण्याआधी रस्त्यावर पाहिली होती.

६/२६
हे वर्तुळ काँग्रेस समाजवादी पक्षाचे होते. त्याची कल्पना नाशिकच्या तुरुंगात १९३०-३३ च्या सत्याग्रहींमध्ये आकाराला आली आणि १९३४ साली पक्ष स्थापन झाला. जयप्रकाश नारायण, आचार्य नरेंद्र देव, अच्युत पटवर्धन, मिनू मसानी, युसुफ मेहेरअली, राममनोहर लोहिया अशी मंडळी त्यात होती. काँग्रेसमध्ये राहूनच तिला शेतकरी-कामगारांकडे वळवायचे, स्वातंत्र्याला आर्थिक समतेचा अर्थ द्यायचा, हा त्यांचा कार्यक्रम. साम्राज्यशाही आणि युद्ध या एकाच झाडाच्या दोन फांद्या आहेत, असे ही मंडळी मानत. म्हणून युद्ध सुरू होण्यापूर्वीच त्यांची भूमिका ठरलेली होती: साम्राज्याच्या युद्धाला ना माणूस द्यायचा, ना पैसा.

७/२६
युद्ध जाहीर झाल्यावर महिन्याभरात, २ ऑक्टोबर १९३९ रोजी, मुंबईत सुमारे ९० हजार कामगारांनी युद्धाविरुद्ध एक दिवसाचा संप केला. गिरणगावातली यंत्रे पगारवाढीसाठी अनेकदा थांबली होती. युरोपातल्या युद्धाच्या निषेधार्थ थांबणे ही वेगळी गोष्ट होती. नोव्हेंबरच्या आरंभी मुंबई प्रांतातल्या बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. इतर काँग्रेस मंत्रिमंडळेही बाहेर पडली. ‘आम्हाला न विचारता आम्हाला युद्धात ओढले’ हा आक्षेप आता काही तरुणांचा राहिला नव्हता. तो देशाचा झाला होता.

८/२६
तरीही सगळा महाराष्ट्र एका मताचा नव्हता, हे तरुण वाचकांनी आवर्जून लक्षात घ्यावे. हिटलरचा पराभव ही साऱ्या जगाची गरज आहे, असे मानून मानवेंद्रनाथ रॉय यांच्या अनुयायांनी युद्धाला पाठिंबा दिला. नाझीवादाचा धोका ओळखून डॉ. आंबेडकरांनीही युद्धप्रयत्नांना साथ दिली. महारांची बंद पडलेली लष्करभरती पुन्हा खुली व्हावी हा त्यांचा जुना आग्रह होता आणि १९४१ साली बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. सावरकरांना या निमित्ताने हिंदू तरुणांचे सैनिकीकरण हवे होते. सुभाषबाबू इंग्रजांच्या शत्रूची मदत घ्यायला देशाबाहेर गेले. एकाच प्रश्नाची ही चार उत्तरे, आणि प्रत्येकामागे गंभीर विचार होता.

९/२६
समाजवाद्यांच्या उत्तरातली अडचणही उघड होती. हिटलर जिंकला असता तर काय? ज्या ज्यूंना, समाजवाद्यांना, कामगार नेत्यांना तो छळछावण्यांत कोंडत होता, त्यांच्या बाजूने कोण उभे राहणार? फॅसिझमचा तिरस्कार लिमये आणि त्यांचे सहकारीही करत होते. त्यांचे म्हणणे असे की, जो स्वतः गुलाम आहे त्याला दुसऱ्याच्या स्वातंत्र्यासाठी लढायला लावणे ही फसवणूक आहे. आधी हिंदुस्थान मोकळा करा. मग तो काय करायचे ते स्वतः ठरवील. हे उत्तर सर्वांचे समाधान करणारे नव्हते. परंतु त्याचा गाभा केवळ शांततेचा नव्हता. निर्णय घेण्याच्या अधिकाराचा होता. लिमये यांचे पुढचे आयुष्य समजून घ्यायचे तर हा फरक हाताशी ठेवावा लागतो.

१०/२६
१९४० च्या ऑक्टोबरमध्ये गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. त्याची रीत अगदी साधी होती. सत्याग्रही आपण कोठे व केव्हा बोलणार ते सरकारला आधी कळवी, ठरल्या जागी उभा राहून युद्धात मदत करणे चूक आहे असे सांगे, आणि अटक होई. १७ ऑक्टोबरला पवनारला विनोबा भावे पहिले सत्याग्रही झाले. दुसरे जवाहरलाल नेहरू. त्यांना सत्याग्रहापूर्वीच पकडून चार वर्षांची शिक्षा सुनावली गेली. १९४१ च्या मध्यापर्यंत वीस हजारांहून अधिक माणसे तुरुंगात गेली. बॉम्ब नाही, बंदूक नाही. केवळ एक वाक्य उच्चारण्यासाठी. युद्धकाळात शासनाला सर्वाधिक भीती वाक्याची वाटते, हे त्यातून दिसले.

११/२६
त्याच महिन्यात मधू लिमये यांनाही अटक झाली. ते खानदेशात काम करत होते; आरोप युद्धविरोधी भाषणांचा. वय साडेअठरा. धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी सुमारे वर्ष काढले. केळी-कापसाच्या या मुलखात साने गुरुजींनी शेतकरी आणि कामगार यांच्यात चळवळीची ओढ निर्माण केली होती. पुण्याच्या सुशिक्षित घरातून आलेल्या तरुणाला तेथे वेगळाच महाराष्ट्र भेटला. शहरातल्या सभेत युद्ध हा सिद्धान्ताचा विषय असे. खेड्यात तो रॉकेलचा, धान्याच्या भावाचा आणि गावातून लष्करात गेलेल्या पोराचा विषय असे.

१२/२६
धुळ्याचा तुरुंग मराठी मनाला आणखी एका कारणाने परिचित आहे. १९३२ साली तेथेच विनोबांनी दर रविवारी कैद्यांसमोर गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. रणांगणावर सांगितलेला ग्रंथ तुरुंगात बसलेल्या अहिंसक कैद्यांनी ऐकावा, हा योगायोग विचार करण्याजोगा आहे. आठ वर्षांनी त्याच भिंतींआड आलेला लिमये हा तरुण मार्क्स वाचणारा, धर्मग्रंथांकडे चिकित्सेने पाहणारा होता. पुढे त्यांना महाभारताचा आणि हिंदुस्थानी शास्त्रीय संगीताचा मोठा छंद जडला. त्यांच्या समाजवादाला या मातीचा वास होता, तो अशा मार्गांनी.

१३/२६
सप्टेंबर १९४१ मध्ये सुटका झाली तेव्हा बाहेरचे जग बदलले होते. जूनमध्ये जर्मनीने सोव्हिएत रशियावर आक्रमण केले होते. काल ज्या युद्धाला कम्युनिस्ट साम्राज्यवादी म्हणत, तेच त्यांच्या दृष्टीने वर्षअखेरीस ‘लोकयुद्ध’ ठरले. डाव्या चळवळीतली जुनी मैत्री तुटू लागली. समाजवाद्यांनी आपली भूमिका बदलली नाही. युद्धाचा न्याय मॉस्कोत किंवा लंडनमध्ये कोण संकटात आहे यावर ठरत नाही, असे ते म्हणत राहिले. लिमये यांच्याकडे राष्ट्र सेवा दलाच्या शिबिरांचे काम आले. एस. एम. जोशी यांच्या नेतृत्वाखाली दलाची त्याच वर्षी नव्याने उभारणी झाली होती.

१४/२६
८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि लिमये भूमिगत झाले. अच्युत पटवर्धन, अरुणा असफअली, उषा मेहता यांच्या सोबतीने मुंबईत गुप्त चळवळ चालली. ‘क्रांतिकारी’ हे मराठी नियतकालिक काढण्यात त्यांचा हात होता. सप्टेंबर १९४३ मध्ये एस. एम. जोशींबरोबर ते पकडले गेले आणि खटला न चालवता जुलै १९४५ पर्यंत वरळी, येरवडा, विसापूर अशा तुरुंगांत ठेवले गेले. ‘खटला न चालवता’ हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. युद्धकाळाच्या नावाखाली केलेल्या भारत संरक्षण नियमांनी सरकारला तो अधिकार दिला होता.

१५/२६
युद्धाची किंमत कोणी मोजली? सुमारे २५ लाख हिंदी सैनिक त्यात लढले. सुमारे ८७ हजार मृत्युमुखी पडले. त्यांच्या शौर्याविषयी शंका नाही. आफ्रिकेत, इटलीत आणि ब्रह्मदेशात त्यांनी फॅसिस्ट फौजांना हरवले. मात्र त्याच काळात, १९४३ साली, बंगालमध्ये दुष्काळ पडला. जपान येईल या भीतीने सरकारने किनारपट्टीतल्या नावा आणि तांदळाचे साठे काढून घेतले होते, भाव आकाशाला भिडले होते. मृतांचा अंदाज तीस लाखांपर्यंत जातो. १८०३ च्या दख्खनची आठवण यावी अशी ही गोष्ट: युद्ध एका ठिकाणी ठरते आणि भूक दुसऱ्याच घरात शिरते.

१६/२६
१९४७ च्या अखेरीस बेल्जियममधल्या अँटवर्पला समाजवादी पक्षांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. पंचवीस वर्षांचे लिमये भारतीय समाजवाद्यांचे प्रतिनिधी म्हणून तेथे गेले. युरोप युद्धाच्या ढिगाऱ्यातून उठत होता आणि लगेच दोन गटांत विभागला जात होता. भारतीय समाजवाद्यांनी ना अमेरिकेच्या गटात जायचे ठरवले, ना रशियाच्या. १९५३ च्या जानेवारीत रंगूनमध्ये आशियाई समाजवादी परिषद भरली, तीत याच तिसऱ्या वाटेचा पुरस्कार झाला. वसाहती सुटल्याशिवाय जगात शांतता नांदणार नाही, हे तिचे सूत्र. पुढे सरकारी अलिप्ततावादाची चर्चा फार झाली. पक्षांच्या पातळीवरचा हा प्रयत्न विस्मरणात गेला.

१७/२६
याच वर्षांत केदारखेड्याच्या परिसराने एक वेगळा धडा पाहिला. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण मराठवाडा झाला नाही. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा तेरा महिने चालला, रझाकारांचे अत्याचार गावोगाव पोचले, आणि १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत भारतीय सैन्याने निजामाची राजवट संपवली. येथल्या माणसाला ‘सैन्य वाईट असते’ असे कोणी सरधोपट सांगितले तर तो हसेल. मुक्ती सैन्याच्या पायांनीही येऊ शकते. युद्धविरोधी राजकारणाला या अनुभवाचे उत्तर द्यावेच लागते. लिमये यांच्यापुढे तो प्रश्न गोव्यात उभा राहिला.

१८/२६
१८ जून १९४६ रोजी लोहियांनी मडगावला सभा घेऊन गोवा मुक्तीची हाक दिली होती. इंग्रज गेले, तरी पोर्तुगीज हटले नाहीत. १९५४ साली पुण्यात गोवा विमोचन सहायक समिती स्थापन झाली. मे १९५५ मध्ये ना. ग. गोरे आणि सेनापती बापट सत्याग्रहींची तुकडी घेऊन हद्दीत शिरले. २५ जुलै १९५५ रोजी मधू लिमये यांची तुकडी शिरली. पोर्तुगीज पोलिसांनी त्यांना अमानुष मारहाण केली. हातात काठीही न घेता परक्या सत्तेच्या बंदुकांपुढे चालत जाण्याचा निर्णय त्यांनी तेहतिसाव्या वर्षी घेतला. तेव्हा घरी पत्नी चंपाताई आणि लहान मुलगा होता.

१९/२६
१५ ऑगस्ट १९५५ ला हजारो सत्याग्रही सीमेवर लोटले. पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक माणसे ठार झाली. डिसेंबरमध्ये लष्करी न्यायासनाने लिमये यांना बारा वर्षांची शिक्षा सुनावली. त्यांनी बचाव केला नाही, अपीलही केले नाही. ज्या न्यायासनाची सत्ताच मान्य नाही, त्याच्याकडे दाद कशी मागायची, हा त्यामागचा विचार. १९५७ च्या फेब्रुवारीत त्यांची सुटका झाली. एकूण दीड वर्षाहून अधिक काळ त्यांनी पोर्तुगीजांच्या कैदेत काढला. तेथे लिहिलेली त्यांची रोजनिशी पुढे १९९६ साली, म्हणजे त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाली.

२०/२६
अखेर गोवा मुक्त केला तो सैन्याने. डिसेंबर १९६१ मधली ती कारवाई दीड दिवसात आटोपली. मग सत्याग्रह व्यर्थ गेला काय? लिमये यांनी या प्रश्नाला बगल दिली नाही. सुटून आल्यावर भारत सरकारने ठाम पाऊल उचलावे, यासाठी ते स्वतःच आग्रही होते. येथे त्यांचा दृष्टिकोन स्पष्ट होतो: ते विनोबांसारखे निरपवाद अहिंसावादी नव्हते. ज्या लोकांचे भवितव्य पणाला लागले आहे, त्यांची इच्छा हीच त्यांची कसोटी. गोव्यातल्या आणि बाहेरच्या माणसांनी पंधरा वर्षे तुरुंग, मार आणि मृत्यू पत्करून ती इच्छा जगासमोर नोंदवली होती. १९३९ च्या घोषणेमागे असे काही नव्हते.

२१/२६
गोष्ट येथे संपली असती, तर ती एका सत्याग्रहीची गोष्ट ठरली असती. परंतु स्वतंत्र भारतातही युद्धे झाली. २६ ऑक्टोबर १९६२ रोजी चीनच्या आक्रमणामुळे आणीबाणी पुकारली गेली. त्या वर्षी केलेला भारत संरक्षण कायदा नावानेही इंग्रजांच्या कायद्याचा वारसदार होता. लढाई नोव्हेंबरमध्येच थांबली. मध्यंतरी १९६५ चे युद्ध झाले, तेही थांबले. आणीबाणी मात्र जानेवारी १९६८ पर्यंत चालू राहिली. १९६४ च्या पोटनिवडणुकीत बिहारमधल्या मुंगेरहून निवडून आलेले लिमये या काळात लोकसभेत होते. नियमावली तोंडपाठ असणारा आणि मंत्र्यांना कागदपत्रांनी कोंडीत पकडणारा खासदार, अशी त्यांची ख्याती झाली.

२२/२६
हा लढा त्यांनी न्यायालयातही नेला. १९६८ साली बिहारमध्ये त्यांना अटक झाली. अटकेची कारणे त्यांना सांगितली गेली नव्हती. त्यांनी सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागितली. अटक झालेल्या माणसाला कारण लवकरात लवकर कळवणे ही राज्यघटनेच्या बाविसाव्या अनुच्छेदाची आज्ञा आहे, असे सांगून न्यायालयाने त्यांच्या सुटकेचा आदेश दिला. कायद्याचे विद्यार्थी आजही ‘मधू लिमये’ हे नाव आधी खटल्यांच्या यादीत वाचतात आणि मग तो माणूस कोण होता ते शोधतात. १९४३ साली ज्याला खटल्याविना दोन वर्षे कोंडले होते, त्याने पंचवीस वर्षांनी स्वतंत्र देशाच्या न्यायालयाकडून हा निकाल मिळवला.

२३/२६
खरी परीक्षा पुढे होती. ३ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानशी युद्ध सुरू होताच पुन्हा बाह्य आक्रमणाची आणीबाणी लागू झाली. तेरा दिवसांत ढाका मुक्त झाले, बांगलादेश जन्मला. त्या विजयाचा आनंद रास्त होता. मात्र ती आणीबाणी उठवली गेली नाही. २५ जून १९७५ ला अंतर्गत अशांततेच्या नावाखाली दुसरी आणीबाणी लादली गेली, तेव्हा पहिलीही जिवंतच होती. लिमये यांना मिसाखाली अटक झाली. १९७६ साली लोकसभेची मुदत वाढवणारा कायदा झाला. त्यात या दोन्ही घोषणांचा आधार घेतलेला होता. चार वर्षांपूर्वी संपलेल्या युद्धाच्या बळावर निवडणूक पुढे ढकलली गेली.

२४/२६
लिमये तेव्हा मध्य प्रदेशात कैदेत होते. लोकांनी पाच वर्षांसाठी निवडून दिले होते. पाच वर्षे संपली, आता सदस्य राहण्याचा नैतिक अधिकार नाही, असे मानून त्यांनी तुरुंगातूनच लोकसभेचा राजीनामा दिला. तरुण खासदार शरद यादव यांनीही दिला. संसदेतल्या विरोधी बाकांवरच्या बहुतेकांनी तसे केले नाही. दोन्ही आणीबाण्या मार्च १९७७ मध्ये, निवडणुकीतील पराभवानंतर उठल्या. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण वगळून तेथे ‘सशस्त्र बंड’ हे शब्द घातले. बाह्य आक्रमणाचे कारण अर्थातच राहिले. ते राहणारच, प्रश्न ते कोण, कधी आणि किती दिवस वापरतो याचा आहे.

२५/२६
१९७७ नंतरचा अध्याय वादग्रस्त आहे. जनता पक्षाच्या सदस्याने त्याच वेळी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे सदस्य राहू नये, हा दुहेरी सदस्यत्वाचा मुद्दा लिमये यांनी लावून धरला. १९७९ साली पक्ष फुटला, मोरारजी देसाई यांचे सरकार पडले. तत्त्वासाठी त्यांनी एकमेव पर्याय मोडीत काढला, असे त्यांचे टीकाकार म्हणतात. ती फूट अटळ होती, असे त्यांचे चाहते म्हणतात. १९८२ मध्ये त्यांनी सक्रिय राजकारण सोडले आणि उरलेली वर्षे दिल्लीत लेखनात घालवली. स्वातंत्र्यसैनिकांचे निवृत्तिवेतन घेतले नाही, माजी खासदाराचेही नाही. ८ जानेवारी १९९५ रोजी त्यांचे निधन झाले.

२६/२६
१ मे १९८१ रोजी जालना जिल्हा औरंगाबादपासून वेगळा झाला आणि केदारखेडा त्यात आले. असई त्याच जिल्ह्यात आहे. इतिहासाची आवड असलेल्या तरुणाने त्या मैदानावर जरूर जावे, कोणती पलटण कोठून नदी उतरली ते नकाशावर ताडून पाहावे. मग मैदानाभोवतीच्या वस्त्यांकडेही एकदा पाहावे. त्या दिवशी तेथे राहणाऱ्यांची नावे कोणत्याही सेनापतीच्या खलित्यात नाहीत. त्यांना कोणी विचारले नव्हते. १९३९ सालीही विचारले नव्हते. आज विचारण्याची सोय आहे: मतपेटी आहे, संसद आहे, न्यायालय आहे. ही सोय युद्धाच्या गदारोळात प्रथम बंद पडते, म्हणून ती त्याच वेळी जपायची असते. मधू लिमये तीन राजवटींच्या तुरुंगांत गेले, ते यासाठी.

(धागा समाप्त)